गार्डला तार कुणी बांधली, आणि का: माणसांपासून सुरू होणारी कामाच्या जागची सुरक्षितता

एका मशीनशॉपमध्ये सेफ्टीचं काम बघत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीच्या फेरीत एक लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, दिसली. दार उघडलं की मशीन बंद पडावं म्हणून गार्डला जो स्विच असतो, तो बारीक तारेनं दाबून बांधलेला. दार सताड उघडं, जॉब (कातायचा तुकडा) धरणारा चक गरगर फिरतोय आणि ऑपरेटर हातातल्या आकड्यानं जॉबभोवती गुंडाळलेल्या चिप्स, म्हणजे कातून निघालेली धातूची सालं, ओढून काढतोय. मी जे सगळे करतात तेच केलं. मशीन थांबवलं, तार कापली, मेमो दिला. पंधरा दिवसांनी गेलो तर तार परत जागेवर. फक्त या वेळी पटकन नजरेत येऊ नये अशी, केबलच्या मागून फिरवलेली.

मग एक अख्खी पाळी त्याच्या शेजारी उभा राहिलो. चिप्स तुटत नव्हत्या. स्प्रिंगसारख्या लांबच लांब निघून जॉबला वेढे घालत होत्या. त्या काढायला दर दोन-तीन नगांमागे दार उघडायचं, मशीन थांबणार, सायकल परत पहिल्यापासून. पाळीचं टार्गेट ठरवताना हा वेळ कुणी धरलेलाच नव्हता. "साहेब, दार लावून काम केलं तर नग भरत नाहीत. नग भरले नाहीत तरी मेमो आहेच," तो म्हणाला. "दोनातला कुठला मेमो घ्यायचा तेवढं सांगा."

चिप तोडणारा वेगळा इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) लावला, फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) थोडा बदलला, तशा चिप्स तुकडे होऊन खाली पडू लागल्या. तार पुन्हा दिसली नाही. हा इन्सर्ट मागवा असं त्या ऑपरेटरनं आठ महिन्यांपूर्वीच सुपरवायझरला सांगितलं होतं. सुपरवायझरनं ते वर कळवलं होतं. वरून काहीच उत्तर आलं नव्हतं.

माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. धोक्याची बातमी बहुतेक ठिकाणी कुणाला ना कुणाला माहीत असते, पुष्कळदा ती वरही पोचलेली असते. खाली परत येत नाही ते उत्तर. पुढे ज्या पायऱ्या दिल्या आहेत त्या कारखाना, रुग्णालय, गोदाम, बांधकाम, कॉल सेंटर अशा कुठल्याही ठिकाणी माणसं हाताखाली असलेल्या प्रमुखासाठी आहेत. सेफ्टी ऑफिसर नसलात तरी चालेल. खरं तर नसलात तर बरंच, कारण टार्गेट, माणसं आणि पैसा तुमच्या हातात असतो, त्याच्या नाही.

आधी एक आकडा

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार कामाशी संबंधित कारणांनी जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार माणसं मरतात. यातले अपघातानं मरणारे साधारण ३ लाख ३० हजार. उरलेले जवळपास २६ लाख आजारांनी जातात: हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचे विकार, कर्करोग. म्हणजे आपण ज्याच्यामागे धावतो तो पडणं-कापणं-चिरडणं हा या आकड्यातला लहान हिस्सा आहे. धूळ, रसायनं, आवाज, लांबलेल्या पाळ्या आणि सततचा ताण यांची वसुली सावकाश होते आणि ती अपघाताच्या रजिस्टरमध्ये चढत नाही. आरोग्य, सुरक्षितता आणि मनाचं स्वास्थ्य ही तीन खाती वेगळी ठेवू नका, असं म्हणतात ते यासाठी. जून २०२२ मध्ये याच संघटनेच्या परिषदेनं सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांमध्ये घातला. त्यामुळे "जमेल तसं बघू" म्हणण्याचे दिवस तसेही गेले.

पायरी १: काम बघायला जा, तपासायला नको

कागदावरचं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांच्यात अंतर असतंच. एरिक हॉलनागेल या अभ्यासकानं हा फरक नीट मांडला: एक काम आपण टेबलाशी बसून कल्पिलेलं, दुसरं प्रत्यक्ष होणारं. सामान उशिरा येतं, एक माणूस रजेवर असतो, ट्रॉलीचं एक चाक अडकतं, आणि तरीही काम होतं. ते होतं कारण माणसं वाट काढतात. अशा वाट काढण्यामुळेच बहुतेक दिवस सुरळीत जातात, आणि एखाद्या दिवशी तीच वाट अंगाशी येते.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात निदान चार वेळा, दर वेळी दीड-दोन तास, एकाच माणसाजवळ उभे राहा. दहा मिनिटांत अख्खी साइट पालथी घालणारी फेरी यात धरू नका. जाण्याआधी त्याच्या सुपरवायझरला सांगा, नाहीतर तुम्ही आपल्याबद्दलच विचारायला आलात असं सुपरवायझरला वाटेल. हातात चेकलिस्ट नको, फोटो नकोत, बरोबर चार माणसांचा लवाजमा तर अजिबात नको. त्यातली एक फेरी रात्रपाळीची हवी आणि एक कंत्राटी कामगारांकडे किंवा सफाई करणाऱ्यांकडे. धोका अनेकदा त्यांच्या वाट्याला येतो आणि मीटिंगचं आमंत्रण कधीच येत नाही.

प्रश्न साधे ठेवा. मी हे विचारतो:

- या कामातला सगळ्यात कटकटीचा भाग कुठला?
- नवीन माणसाला तुम्ही काय सांगता, जे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही?
- घाई असली की काय गाळावं लागतं?
- इथे कुणाला लागलंच, तर ते कशामुळे लागेल असं वाटतं?
- माझ्या हातात एकच गोष्ट बदलायची असेल तर कुठली बदलू?

दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. "नियम विचारला तर तो फलकावर आहे, पण त्या व्हॉल्व्हजवळ डावीकडून जायचं, उजवीकडून वाफ लागते," असं उत्तर ऐकलं की कामाची जोखीम-नोंद नव्यानं लिहायला घ्यावी.

आणि एक पथ्य: जीवावर बेतणारं काही दिसलं तरच तिथे थांबवा. बाकीचं मनात ठेवा. पहिल्याच फेरीत "गॉगल कुठाय?" विचारलंत, तर पुढच्या फेरीत सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल दिसतील, बाकी काही दिसणार नाही.

पायरी २: विचारा, आणि उत्तर परत पोचवा

सूचनापेटी बहुतेक ठिकाणी असते. तिची किल्ली कुणाकडे आहे हे विचारून बघा, गंमत कळेल.

माणसं बोलत नाहीत त्याची कारणं दोन. एक भीती: बोललो तर माझ्यावर शेकेल. दुसरं कारण जास्त पसरलेलं आणि कमी चर्चेतलं, ते म्हणजे वैताग: बोलून काय होणार? भीतीवर उपाय करायला वर्षं लागतात. वैतागावरचा उपाय पुढच्या आठवड्यापासून सुरू करता येतो, आणि गंमत म्हणजे तो केला की भीतीही हळूहळू ओसरते.

एक वही घ्या, किंवा फळा, किंवा एक्सेलची शीट. पाच रकाने पुरतात: कुणी सांगितलं, काय सांगितलं, कुणाकडे दिलं, काय ठरलं, आणि सांगणाऱ्याला उत्तर कधी दिलं. पाचवा रकाना भरल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. काम झालं असलं तरी नाही. कितीदा तरी दुरुस्ती झालेली असते, पण ज्यानं सांगितलं त्याला ती आपल्या सांगण्यामुळे झाली हे माहीतच नसतं. मग पुढच्या वेळी तो कशाला सांगेल?

पहिलं उत्तर दोन दिवसांत द्या. "बघतो" हे उत्तर नव्हे. "मेंटेनन्सकडे दिलंय, शुक्रवारी ते येऊन बघतील, त्यानंतर मी तुम्हाला सांगतो" हे उत्तर. आणि शुक्रवारी ते आले नाहीत तर तेही जाऊन सांगा. नकार द्यायचा असेल तर कारणासकट तोंडावर द्या. "नवं मशीन या वर्षी घेता येणार नाही, तोपर्यंत या कामाला दोन माणसं लावू, चालेल का?" माणसं नकार पचवतात. पचत नाही ती शांतता.

इथे एक गोष्ट तुमच्या साहेबांना आधीच सांगून ठेवा: ही पद्धत सुरू केली की तक्रारी आणि थोडक्यात हुकलेल्या अपघातांच्या नोंदी वाढतील. परिस्थिती बिघडली असा त्याचा अर्थ नाही. एमी एडमंडसन १९९० च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांकडून कमी चुका होत असतील अशी त्यांची अटकळ. आकडे उलटे आले: चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलल्या जास्त जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी मांडलेली मानसिक सुरक्षिततेची कल्पना याच वाटेवरची. चूक कबूल केल्यानं, प्रश्न विचारल्यानं, शंका काढल्यानं आपला पाणउतारा होणार नाही, असा गटातल्या सगळ्यांचा भरवसा.

नाव सांगायला माणसं तयारच नसतील तर विमान वाहतुकीकडे बघा. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या चुका आणि हुकलेले अपघात स्वतःहून कळवतात. ही नोंद नियम करणारी आणि दंड करणारी संस्था ठेवत नाही, नासा ठेवते, आणि ओळख पटवणारा मजकूर काढून टाकते. आपल्या पातळीवर याचा अर्थ इतकाच की नोंद घेणारा आणि पगारवाढ ठरवणारा माणूस एकच असू नये.

पायरी ३: काही घडलंच, तर पहिला तास तुमचा

इतर सगळ्या पायऱ्यांवर केलेली मेहनत या एका तासात टिकते किंवा वाया जाते. अपघातानंतर प्रमुखाच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य वर्षानुवर्षं लक्षात राहतं. ते "कुणाची चूक?" असेल, किंवा "मशीन कधी चालू होईल?" असेल, तर पुढे कितीही फलक लावा.

क्रम असा ठेवा. आधी ज्याला लागलंय तो. त्याच्याबरोबर ओळखीचा माणूस जाईल, एकटा नाही. घरच्यांना फोन तुम्ही स्वतः करा, ऑफिसातल्या कारकुनावर ढकलू नका. मग ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं ते. त्यांना त्याच मशीनवर लगेच उभं करू नका, आणि कॅमेऱ्याचं फुटेज चहाच्या टेबलावर दाखवत फिरणाऱ्यांना थांबवा. जागा होती तशी ठेवा. चौकशी त्यानंतर.

चौकशीत "का केलंस?" हा शब्दप्रयोगच टाळा. माणूस लगेच बचावाला लागतो. "कसं झालं, अगदी पाळी सुरू झाल्यापासून सांगा" असं विचारलं की गोष्ट बाहेर येते. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: याच्या जागी असाच अनुभवी, चांगला माणूस, हीच हत्यारं, हीच घाई असती, तर त्यानंही हेच केलं असतं का? उत्तर "बहुधा हो" असेल तर त्या माणसाला शिक्षा करून काहीच बदलणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण मला फार आवडतं. बी-१७ या बाँबर विमानाचे वैमानिक विमान सुखरूप उतरवून झाल्यावर जमिनीवर असतानाच चाकं वर घेत आणि विमान पोटावर आपटे. वैमानिकांचा निष्काळजीपणा, असा शेरा. अल्फोन्स चॅपनीस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट बघितलं, तर चाकांचा स्विच आणि पंखांच्या फ्लॅप्सचा स्विच शेजारीशेजारी, दिसायलाही सारखे. त्यानं एकाच्या मुठीला छोट्या चाकाचा आकार दिला आणि दुसऱ्याच्या मुठीला पाचरीचा. हाताला नुसत्या स्पर्शानं फरक कळू लागला आणि तो प्रकार थांबला. वैमानिक तेच होते.

याचा अर्थ कुणालाच कधी जबाबदार धरायचं नाही असा नाही. हात चुकून भलत्या बटणावर पडणं, सगळेच करतात म्हणून सवयीनं पायरी गाळणं, आणि समोरच्याचा जीव जाऊ शकतो हे ठाऊक असून बेफिकिरीनं वागणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आधार द्या आणि रचना बदला. दुसरीत ती सवय का पडली ते शोधा, माझ्या तारवाल्या ऑपरेटरसारखं. तिसरीला कारवाई, आणि ती करताना हुद्दा बघू नका. या तीन प्रकारांची व्याख्या अपघाताच्या आधी, कामगारांच्या प्रतिनिधींबरोबर बसून लिहून ठेवा. नंतर ठरवायला बसलात तर रागाच्या भरात सगळं तिसऱ्या खणात जातं.

पायरी ४: उपाय निवडताना हेल्मेट शेवटी

उपायांचा हा क्रम सेफ्टीवाल्यांना पाठ असतो, म्हणून पटकन. धोका मुळातूनच काढता येतो का, नाही तर कमी धोक्याचं काही वापरता येतं का, नाही तर गार्ड, कठडा, धूर खेचणारा पंखा, नाही तर कामाची पद्धत, पाळ्या, प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी अंगावर चढवायची साधनं. खालून सुरुवात करणं स्वस्त आणि सोपं वाटतं, म्हणून बहुतेक चौकशी अहवालांच्या शेवटी "कामगारांना पुन्हा प्रशिक्षण द्यावं" हे वाक्य असतं. माझा एक नियम: उपायाच्या रकान्यात "प्रशिक्षण", "सूचना" किंवा "काळजी घ्यावी" एवढंच लिहिलं असेल तर अहवाल परत पाठवायचा.

आणि अंगावरची साधनं घ्यायचीच आहेत तर जे घालणार त्यांनाच निवडू द्या. तीन प्रकारचे हातमोजे आठवडाभर वापरायला द्या, मग ऑर्डर काढा. बायकांच्या हाताला पुरुषी मापाचे हातमोजे आणि चेहऱ्याला न बसणारे मास्क देऊन "त्या वापरत नाहीत" अशी तक्रार करण्यात काही अर्थ नाही.

पायरी ५: मनावरचा ताण कामातच शोधा

स्वास्थ्याच्या नावाखाली ध्यानाचा तास, एखादं ॲप, भिंतीवर प्रेरणादायी वाक्यं. यातलं काही वाईट नाही. पण ज्या टीममध्ये तिघांचं काम दोघं करतायत, तिथे दुपारी चार वाजता तणावमुक्तीचं सत्र ठेवलं की संध्याकाळी आणखी एक तास बसावं लागतं. लोक हसतात ते उगाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. नीट हाताळल्या न गेलेल्या कामावरच्या दीर्घ ताणातून येणारी, कामाशी निगडित अवस्था, असं म्हटलं. म्हणजे इलाजाची सुरुवातही कामापासूनच. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा कार्यालयानं ताण तपासण्यासाठी सहा बाजू ठरवल्या आहेत आणि त्या कुठेही लागू पडतात: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, आपसातले संबंध, आपली भूमिका, आणि बदल कसे होतात. यातली ताब्याची बाजू सगळ्यात दुर्लक्षित असते. बोजा जास्त पण निर्णय हातात, हे माणूस निभावतो. बोजा जास्त आणि लघवीला जायलाही परवानगी मागायची, इथे तो मोडतो. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकानं १९७९ मध्येच हे मांडलं होतं. मानसिक आरोग्याच्या जोखमीसाठी आयएसओ ४५००३ हे मार्गदर्शक मानकही २०२१ पासून आहे, पण मानक नसलं तरी पुढचं करता येतं.

महिन्यातून एकदा प्रत्येकाशी वीस मिनिटं एकट्यानं बोला. "कसं काय चाललंय?" विचारलंत तर "ठीक" हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: "या महिन्यात कुठलं काम मी काढून घेऊ?" "कुणाकडून उत्तर न आल्यानं तुमचं अडतंय?" "तुमच्याकडून नक्की काय हवंय, हे कुठे स्पष्ट नाही?" आणि बोलणं संपवून उठताना एक तरी गोष्ट तुमच्या यादीत गेलेली असली पाहिजे, त्याच्या नव्हे.

पाळ्यांचा तक्ता निदान दोन आठवडे आधी लावा. माणसाला आईला दवाखान्यात कधी न्यायचं हे ठरवता येणं ही स्वास्थ्याची मोठी बाब आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. ओव्हरटाइम कोण सतत करतंय ते बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्के जास्त दिसला. सतत "हो" म्हणणारा, कधीच रजा न घेणारा तुमचा तो हुकमी माणूस. त्याच्याकडे आधी बघा.

कुणी खरंच कोलमडलेलं दिसलं तर तुम्ही डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा, पण तोंडही फिरवू नका. दार लावून, घाई न करता ऐका. सल्ले देऊ नका, "माझ्यावर पण अशी वेळ आली होती" तर नकोच. त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगणार नाही हे सांगा, आणि अपवादही सांगा: जीवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही. कामात तात्पुरता काय बदल करता येईल ते तिथेच ठरवा. तज्ज्ञांपर्यंत पोचायला मदत करा, नुसता नंबर हातात देऊ नका. स्वतःचं काही बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, तातडीची मदत तेव्हाच बोलवायची.

पायरी ६: सुपरवायझरच्या पाठीशी उभं राहा

वरून टार्गेट, खालून तक्रार, मध्ये सुपरवायझर. कामगाराला तुमची धोरणं कळत नाहीत, त्याला त्याचा सुपरवायझर कळतो. त्यामुळे तुमचा निम्मा वेळ या माणसावर गेला तरी जास्त नाही.

त्याला काम थांबवायचा अधिकार लेखी द्या. पण कागद पुरत नाही. पहिल्यांदा त्यानं थांबवलं की तुम्ही स्वतः तिथे जा आणि सगळ्यांसमोर "बरं केलंत" म्हणा. धोका निघाला नाही, विनाकारण तासभर गेला, तरीही तेच म्हणा. टोयोटाच्या लाइनवर कुणालाही अडचण दिसली की ओढायची दोरी असते. ती ओढली की टीम लीडर धावत मदतीला येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. दोऱ्या पुष्कळांनी विकत घेतल्या. धावत येणारा माणूस आणि त्याचा चेहरा विकत मिळत नाही.

अधिकार आणि निरोप या दोन्ही गोष्टी ढिल्या असल्या की काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. पाळी बदलताना ते रात्रीच्या माणसांपर्यंत पोचलं नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा चालू केला. वायू गळला, स्फोट झाला, आग भडकली, आणि शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून येणारं तेल लगेच थांबलं नाही, कारण आपल्या अखत्यारीत उत्पादन बंद करायला तिथले प्रमुख कचरले. १६७ माणसं गेली.

म्हणून पाळी बदलतानाची दहा-पंधरा मिनिटं ही पगारी, ठरलेली आणि तोंडी-लेखी दोन्ही असू द्या. जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं: काय उघडं आहे, काय अर्धवट आहे, कशाची खात्री नाही. येणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत म्हणायचं. दारातून जाता-येता "सगळं ओके" म्हणणं याला हँडओव्हर म्हणत नाहीत. आणि जीवाला थेट धोका दिसतोय म्हणून कामापासून बाजूला होणाऱ्यावर कारवाई होता कामा नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारातच (क्रमांक १५५) आहे. ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, त्याच्या सुपरवायझरच्या तोंडून.

पायरी ७: शून्याच्या फलकापासून सावध

"अपघाताविना ४१२ दिवस." हा फलक मला कधीच आवडला नाही. चारशे तेराव्या दिवशी ज्याचं बोट कापलं जातं तो आधी फलकाकडे बघतो, मग बोटाकडे. त्यावर बोनस बांधला असेल तर विचारायलाच नको. टीममधले वीस जण त्याच्याकडे बघत असतात.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत स्फोट होऊन १५ जण गेले आणि १८० च्या आसपास जखमी झाले. वैयक्तिक इजांचे आकडे कमी होते आणि त्यावर वरची मंडळी समाधानी होती. पण स्फोट झाला तो एका टॉवरमध्ये द्रव प्रमाणाबाहेर भरल्यामुळे, आणि घसरणं-पडणं मोजणारा आकडा टॉवरमध्ये द्रव किती भरलाय हे सांगत नाही. तपासात हेही पुढे आलं की काही ऑपरेटर २९ किंवा जास्त दिवस सलग, रोज १२ तासांच्या पाळ्या करत होते. त्या काळात थकव्याचा एखादा आकडा कुणाच्या टेबलावर असता तर?

मग काय मोजायचं? मी हे बघतो: दर महिन्याला किती गोष्टी कळल्या आणि त्यातल्या कितींना दोन दिवसांत उत्तर गेलं. रात्रपाळी आणि कंत्राटी कामगारांकडून किती आल्या (शून्य असेल तर तो आकडा तांबड्या शाईत). कामं किती वेळा थांबवली गेली. दुरुस्तीची किती कामं मुदत उलटून पडून आहेत. कुणाचे तास वाढतायत, कुणाची रजा साठतेय, आणि गेल्या महिन्यात मी स्वतः किती तास काम होतं त्या जागी काढले. इजांचे आकडेही ठेवा, कायद्यालाही लागतात. फक्त त्यांच्यावर बक्षीस ठेवू नका.

कुठून सुरू करायचं

सगळं एकदम नको. पहिला पंधरवडा फक्त बघण्यात घाला. तिसऱ्या आठवड्यात पाच रकान्यांची वही उघडा आणि ऐकलेल्यातल्या तीन गोष्टी निवडा: स्वस्त, लवकर होणाऱ्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच्या. त्या महिन्याभरात पुऱ्या करा. मोठ्या, खर्चाच्या गोष्टी त्यानंतर, कारण तोपर्यंत तुमच्या शब्दाला थोडी किंमत आलेली असते. दुसऱ्या महिन्यात सुपरवायझरांबरोबर बसून थांबवण्याचा अधिकार आणि हँडओव्हर नीट करा. चुकांचे तीन खण तिसऱ्या महिन्यात लिहा, शांत दिवस बघून.

वरून पैसे मिळत नसतील तर आकडेवारीची सादरीकरणं करत बसू नका. साहेबांना एक पाळी तिथे उभं करा. मला इन्सर्टसाठी हेच करावं लागलं, आणि त्यांनी चाळीस मिनिटांत होकार दिला.

आणि तुमच्याकडूनही वही राहून जाईल. माझ्याकडून राहिली. ऑडिटच्या गडबडीत पाच-सहा आठवडे पाचवा रकाना कोराच होता. एक दिवस पार्किंगमध्ये सफाईचं काम करणाऱ्या एका ताईंनी हाक मारून थांबवलं. "साहेब, मागच्या जिन्यातल्या दिव्याचं सांगितलं होतं. काय झालं त्याचं?" मला काहीच आठवेना. त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि वही आणायला परत वर गेलो.